वंशावळीचा नवा पुरावा

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत कोणत्या ना कोणत्या घराण्याची वंशावळ छापण्याचा परिपाठ आहे, आणि तो स्तुत्यच आहे. जुनी दप्तरे, वतनाचे कागद, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतून नावे शोधून ती पिढीवार लावणे हे कष्टाचे काम होय. ज्यांनी ते केले त्यांचे ऋण आपण सर्वांनी मान्य केले पाहिजे. तथापि गेल्या काही वर्षांत वंशावळीचा एक नवाच पुरावा जगापुढे आला आहे. तो कागदावर नाही, ताम्रपटावर नाही. तो प्रत्येक मनुष्याच्या शरीरातील पेशीपेशीत लिहिलेला आहे. शास्त्रज्ञ आता तो वाचू लागले आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. परंतु सारी नोकरी मुलांना इतिहास व गणित शिकविण्यात गेली. यास्तव हा विषय आम्हांस जसा समजला तसा, इतिहासाच्या अंगाने, वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रारंभी थोडे गणित पाहू. प्रत्येकास आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. याप्रमाणे दर पिढीस आकडा दुप्पट होतो. आठ पिढ्या मागे गेले म्हणजे पूर्वजांची संख्या २५६ होते. दहा पिढ्यांत १,०२४, वीस पिढ्यांत १०,४८,५७६, आणि तीस पिढ्यांत एकशे सात कोटींच्या वर. तीस पिढ्या म्हणजे ढोबळमानाने साडेसातशे वर्षे, अर्थात देवगिरीच्या यादवांचा काळ. त्या वेळी साऱ्या पृथ्वीवरही इतकी माणसे नव्हती. मग हा हिशेब जुळावा कसा? तो एकाच रीतीने जुळतो: एकच पूर्वज आपल्या वंशवृक्षात अनेक वाटांनी पुनःपुन्हा येतो, आणि तोच शेजाऱ्याच्या, पलीकडच्या आळीतल्याच्या आणि नदीपलीकडच्या गावच्या माणसाच्याही वंशवृक्षात असतो. आपण छापतो ती वंशावळ बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या एका ओळीची असते. आठव्या पिढीतील २५६ पूर्वजांपैकी ती एकाचेच नाव सांगते. उरलेले २५५ आणि त्यांतील सर्व स्त्रिया कागदाबाहेर राहतात. नव्या पुराव्याचे वैशिष्ट्य हे की, तो या उरलेल्यांचीही दखल घेतो.

आता हा पुरावा म्हणजे काय ते पाहू. शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. या धाग्यावर चार प्रकारच्या रासायनिक खुणा एकापुढे एक लागलेल्या असतात. त्यांना चार अक्षरे म्हणू. मनुष्याच्या जनुकसंचात, म्हणजे जीनोममध्ये, अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. निम्मा वारसा आईकडून येतो व निम्मा बापाकडून. बहुतेक सर्व अक्षरे सर्व मनुष्यांत सारखी असतात. दोन माणसांत हजारी सुमारे एका अक्षराचा फरक पडतो. या धाग्याची दुपदरी रचना इ. स. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी मांडली. त्यावरील अक्षरे क्रमाने वाचण्याची व्यवहार्य पद्धत इ. स. १९७७ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी शोधली. पुढे अनेक राष्ट्रांनी मिळून इ. स. १९९० मध्ये मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि इ. स. २००३ मध्ये तो पुरा झाल्याचे जाहीर केले. त्यास तेरा वर्षे व सुमारे ३०० कोटी डॉलर लागले. तरीही शेकडा आठ भाग वाचावयाचा राहिला होता, तो इ. स. २०२२ मध्ये पुरा झाला.

वाचनाची रीत आम्ही मुलांना अशी समजावून देऊ. एका पोथीच्या शंभर नकला घ्याव्यात, त्या साऱ्यांचे कपटे करावेत आणि ते एका ढिगात मिसळावेत. प्रत्येक कपट्यावर एखादी ओळ किंवा अर्धीच ओळ असेल. परंतु नकला शंभर असल्याने एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे तरी जुळेल, आणि जुळवीत गेल्यास सबंध पोथी उभी राहील. इ. स. २००५ च्या सुमारास असे कोट्यवधी कपटे एकाच वेळी वाचणारी यंत्रे निघाली. त्यानंतर धागा एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओवून, विजेच्या प्रवाहात होणाऱ्या बदलांवरून अक्षरे ओळखणारी यंत्रेही आली. त्यांना लांबच लांब तुकडे सलग वाचता येतात. यामुळे जे काम तेरा वर्षांचे होते ते आता एकदोन दिवसांचे, आणि खर्च काहीशे डॉलरांचा, इतके अंतर पडले आहे. करोनाच्या साथीत, इ. स. २०२० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्या विषाणूचा जनुकक्रम वाचला, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला. विषाणूची पोथी सुमारे तीस हजार अक्षरांची. मनुष्याची तिच्या लाखपट मोठी, इतकाच भेद.

या शोधांची मुळे केवळ परदेशात आहेत असे मात्र नाही. माणसांचे परस्परनाते शरीरावरून शोधण्याचे काम आपल्या पुण्यात फार पूर्वी सुरू झाले. इरावतीबाई कर्वे यांस आपण 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. पण त्यांचा मूळ व्यवसाय मानववंशशास्त्राचा. जर्मनीत शिकून आल्यावर इ. स. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि त्यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या, जातीजातींच्या लोकांची उंची, डोके, नाक यांची मापे घेतली, पुढे रक्तगटही तपासले. इ. स. १९६८ मध्ये त्यांनी व मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती म्हणजे एका घराण्याच्या फुटलेल्या फांद्या, ही समजूत या तुलनेत टिकली नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या मुळांचे समूह काळाच्या ओघात एका नावाखाली आले, असे बाईंचे प्रतिपादन होते. हातात मोजपट्टी व कंपास एवढीच साधने असताना त्यांनी हा विचार मांडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच सुमारास मुंबईतही एक शोध लागला होता. इ. स. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले की, जे ए, बी, ओ यांपैकी कोणत्याच गटाशी जुळेना. त्यास जगभर 'बॉम्बे रक्तगट' असेच नाव पडले. अशा मनुष्यास त्याच गटाच्या मनुष्याचे रक्त चालते, दुसऱ्या कोणाचे चालत नाही. या गटाचे कारण असे की, एक विशिष्ट जनुक आईकडून व बापाकडून, दोहोंकडून, बिघडलेले येते. ते एकीकडूनच आले तर काहीच जाणवत नाही. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आणि आता आपल्या दारचीच गोष्ट. आमच्या मांडवगण फराट्यापासून फार दूर नाही, असे घोड नदीच्या काठचे इनामगाव. तेथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी इ. स. १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. इ. स. पूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक कुडाच्या भिंतींच्या घरांत राहत, जव पिकवीत, तांबे वापरीत, आणि नदीचे पाणी अडवून पाटाने वळवीत. आज आपण ज्या शिवारात उसाला पाणी देतो त्याच खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वी कोणी जवाला पाणी देत होते. त्यांची मृतांस पुरण्याची रीत निराळी होती. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडास तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्यास निजवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाची पावले घोट्यापासून तोडून मग त्यास पुरीत. गेलेल्याने परत चालत येऊ नये, असा त्यामागील समज असावा, असे अभ्यासक म्हणतात. तेथील सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास डॉ. ल्यूकाच व डॉ. वाळिंबे यांनी केला. घराखालीच तान्ह्यास ठेवणाऱ्या त्या आईचे मन तुमच्या-आमच्या घरच्या आईहून निराळे होते, असे कोण म्हणेल?

जुनी हाडे बोलू लागली ती मात्र नव्या यंत्रांमुळे. मृत्यूनंतर डीएनएचा धागा तुटत जातो, त्याचे बारीक तुकडे होतात. कपटे वाचणारी यंत्रे अशा तुकड्यांसच सोयीची ठरली. जर्मनीतील स्वांते पाबो यांनी हे शास्त्र उभे केले, त्यांना इ. स. २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थंड देशांत हा धागा हजारो वर्षे टिकतो. आपल्यासारख्या उष्ण मुलखात तो लवकर नष्ट होतो. यामुळे भारतातील पहिले मोठे यश हाती येण्यास फार सायास पडले. डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांनी हरियाणातील राखीगढी या सिंधुकालीन नगरीत उत्खनन करून स्मशानातील सांगाडे मिळविले. हैदराबाद, लखनौ व अमेरिकेतील हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने एकसष्ट नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी एकातच, एका स्त्रीच्या कानाजवळील कठीण हाडात, वाचण्याजोगा धागा सापडला. तोही शंभराहून अधिक वेळा प्रयत्न करून जमविलेल्या तुकड्यांतून. इ. स. २०१९ च्या सप्टेंबरात तो निबंध प्रसिद्ध झाला.

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या बाईच्या वारशात दोन धारा दिसल्या: एक येथील प्राचीन शिकारी लोकांची, दुसरी इराणकडील प्राचीन लोकांशी नाते सांगणारी. ही दुसरी धारा इराणात शेती सुरू होण्यापूर्वीच तेथील लोकांपासून अलग झाली होती. मध्य आशियातील गवताळ प्रदेशाच्या पशुपालकांची धारा तिच्यात नव्हती. त्याच वेळी निघालेल्या दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन माणसांच्या जनुकसंचांचा अभ्यास होता. त्यावरून त्या पशुपालकांची धारा इ. स. पूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान भारतात आली, असे दिसते. या दोन निबंधांवरून वर्तमानपत्रांत मोठा वाद माजला. एकाने एकच निबंध उचलावा, दुसऱ्याने दुसराच. वस्तुतः दोन्ही निबंधांचे कित्येक लेखक तेच आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचले म्हणजे अर्थ सरळ लागतो: आपण अनेक धारांचे लोक आहोत.

या धारा कधी मिसळल्या, याचाही हिशेब लागला आहे. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राचे डॉ. लालजी सिंग व डॉ. तंगराज यांनी हार्वर्डच्या डॉ. राइश यांच्यासह इ. स. २००९ मध्ये, आणि पुढे इ. स. २०१३ मध्ये, भारतातील अनेक समाजांचे नमुने तपासले. दुसऱ्या अभ्यासात ७३ समूहांतील ५७१ माणसे होती. त्यावरून, आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतभर लोकांची मिसळ झाली, असे निघाले. ज्या जाती वा जमाती आपणास अगदी वेगळ्या समजतात त्याही या मिसळीतून सुटल्या नाहीत. नंतर केव्हा तरी ही मिसळ थांबली व आपापल्यातच लग्ने करण्याची रीत रुजली. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील शास्त्रज्ञांनी इ. स. २०१६ मध्ये तो काळ सुमारे सत्तर पिढ्यांमागचा, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपासचा, असा दाखविला.

आता इनामगावच्या सनावळीशी हे ताडून पाहा. तेथील वस्ती आजपासून सुमारे ३,६०० ते २,७०० वर्षांपूर्वीची. अर्थात ती बरोबर त्या मिसळीच्या काळातच मोडते. घोडनदीकाठी जव पेरणारे ते लोक ज्या भारतात राहत होते, त्या भारतात आजच्यासारखी बंद कुंपणे पडली नव्हती. मग आपल्यापैकी कोणीही, ज्ञातीचे नाव कोणतेही असो, 'आमचे रक्त निर्भेळ' असे म्हणू लागला तर ते इतिहासास धरून होणार नाही. वंशावळीचा अभिमान बाळगावा. पण तो पूर्वजांच्या उद्योगाचा, शौर्याचा, सचोटीचा असावा. रक्ताच्या शुद्धतेचा दाखला कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. तसेच जनुके तपासून अमुक मनुष्य अमुक जातीचा असे सांगणारी कसोटीही नाही.

येथवर गोष्ट इतिहासाची झाली. परंतु तिचा दुसरा भाग आपल्या मुलांच्या आयुष्याशी निगडित आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. कुंपण पडले, लग्ने आपापल्यात होऊ लागली, तेव्हा आरंभीच्या थोड्या घराण्यांत जे दोष जनुकांत लपलेले होते ते साऱ्या समूहात पसरले. इ. स. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांच्या अभ्यासात ८१ समूह असे आढळले की, ज्यांत हा परिणाम अत्यंत तीव्र आहे. त्यांपैकी १४ समूहांची लोकसंख्या तर दहा लाखांहून अधिक आहे. समाज मोठा म्हणून धोका नाही, असे म्हणता येत नाही, हे यावरून दिसते. त्या अभ्यासात आंध्रकडील वैश्य समाजाचे उदाहरण दिले आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात ते एक औषध त्यांतील काहींच्या शरीरात लवकर विरत नाही. हे आधी ठाऊक असेल तर डॉक्टर दुसरे औषध देतो. ठाऊक नसेल तर जीवावर बेतते.

वर 'बॉम्बे रक्तगटा'चा नियम सांगितला, तोच येथे लागू आहे. थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार याच रीतीने येतात. सिकलसेलमध्ये तर ३०० कोटींपैकी एकच अक्षर बदललेले असते. एकीकडूनच दोष आला असेल तर मनुष्य केवळ वाहक असतो. तो धडधाकट असतो, शेती करतो, नोकरी करतो, त्यास काही जाणवत नाही. परंतु वाहकाने वाहकाशी लग्न केले तर होणाऱ्या प्रत्येक मुलास तो विकार जडण्याची शक्यता चारांत एक असते. थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात त्या बालकास जन्मभर रक्त भरावे लागते. त्या घराची जी ओढाताण होते ती ज्यांनी पाहिली असेल त्यांस अधिक सांगणे नको. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. ती प्रेमाची व सोयीची चाल आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मामे-आते भावंडांत वारशाचा आठवा हिस्सा समान असतो, आणि लपलेला दोष दोहोंकडून एकत्र येण्याचा संभव त्यामुळे वाढतो, हेही खरे आहे.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली; इ. स. २०४७ पर्यंत हा विकार हटविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. इ. स. २०२० मध्ये हाती घेतलेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात वीस संस्थांनी मिळून ८३ समूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबाद येथील केंद्रात ठेविली आहे. आजवर जगातील बहुतेक वैद्यकीय जनुकसंशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले होते; आपल्या लोकांचे दोष व औषधांचे परिणाम आपल्याच लोकांवरून समजावेत, हा या खटाटोपाचा हेतू आहे.

मग आपल्या संस्थेने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो. पहिली, वधूवर मेळाव्याच्या नोंदणीसमयी प्रत्येक तरुण-तरुणीस थॅलेसेमिया व सिकलसेल यांची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. ही तपासणी साध्या रक्तनमुन्यावर होते, त्यास जनुकसंच वाचण्याची गरज नाही. तिचे उत्तर ज्याचे त्यास व त्याच्या वडीलधाऱ्यांस द्यावे. मेळाव्याच्या पुस्तिकेत कदापि छापू नये. वाहक असणे हे लांच्छन नव्हे, आणि त्यावरून कोणाच्या मुलीस नाव ठेवणारा मनुष्य अज्ञानी समजावा. दोघेही वाहक निघाले तर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच. पत्रिका जुळविण्यास आपण आठ दिवस देतो. रक्त तपासण्यास एक दिवस देणे जड नाही. दुसरी, कोणी घरी येऊन किंवा जाहिरात करून थुंकीच्या नमुन्यावरून थोर पूर्वजांशी नाते जोडून देऊ म्हणेल, तर त्यास पैसे व नमुना देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. जनुकांची माहिती एकट्याची नसते. ती भावाची, बहिणीची, मुलांचीही असते. तिसरी, यापुढे स्मरणिकेत जी वंशावळ छापली जाईल तीत सुना, लेकी व त्यांची माहेरे यांची नावे घालावीत. निम्मा वारसा ज्यांच्याकडून आला त्यांची नावेच नसलेली वंशावळ हिशेबास अपुरी आहे. त्याचबरोबर घराण्यात कोणते आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत त्याचे टिपण प्रत्येक घराने आपल्यापुरते लिहून ठेवावे. पुढच्या पिढीच्या डॉक्टरास ते सनदेहून अधिक उपयोगी पडेल.

ज्ञातिसंस्था स्थापन झाल्या त्या मुलांना शिक्षण मिळावे, अडल्यानडल्यास हात मिळावा, म्हणून. वसतिगृह, शिष्यवृत्ती, सामुदायिक विवाह ही त्यांची खरी पुण्याई होय. नव्या शास्त्राने आपल्या कुळाचा मान कमी केलेला नाही. कुळ आपण समजत होतो त्याहून कितीतरी मोठे आहे, एवढेच त्याने दाखविले. त्या मोठ्या कुळातील एखादे मूल तरी टाळता येण्याजोग्या दुखण्यापासून वाचावे, यासाठी येत्या मेळाव्यापासून पहिली सूचना अंमलात यावी, अशी कार्यकारी मंडळास व सर्व कुटुंबप्रमुखांस नम्र विनंती आहे. इत्यलम्.